बाहेरून दहावी केलेली पोरं पुढे टिकतात का?

हर्णैकर: आमच्या बंदरावर आठवी-नववीतून शाळा सोडून बोटीवर गेलेली पोरं बरीच आहेत. १७ नंबरचा फॉर्म (शाळेत न जाता बोर्डाच्या परीक्षेला बाहेरून बसायचा) भरा नाहीतर एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावी करा, असं त्यांना जो तो सांगतो. माझं म्हणणं, नुसत्या सर्टिफिकेटने पुढचं शिक्षण होत नाही. अमेरिकेत शाळा सुटलेल्यांसाठी जीईडी ही परीक्षा १९४२ पासून आहे. कॅमेरॉन आणि हेकमन या अर्थतज्ज्ञांनी १९९३ मध्ये दाखवलं की ती पास झालेल्यांची कमाई शाळा पूर्ण केलेल्यांइतकी नसते, अर्धवट सोडलेल्यांच्याच जवळपास असते. कॉलेजात नाव घालतात, पण पदवीपर्यंत फार थोडे पोचतात. इथेही प्रश्नोत्तरं पाठ करून काठावर सुटलेला मुलगा आयटीआयत गेला की ट्रेड थिअरीला, म्हणजे कामामागच्या लेखी विषयाला, अडतो.

बाई_गुहागर: अजिबात पटलं नाही. आधी दार तरी उघडू दे की! अंगणवाडी मदतनीस व्हायलाही आता बारावी लागते. कोळंबी सोलायला जाणाऱ्या मुलीने दहावीच केली नाही, तर बारावीला बसणार कुठून? एनआयओएसला पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, विषय सुटे सुटे देता येतात. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा अभ्यास करायचा आणि ऑक्टोबरच्या परीक्षेत दोन विषय काढायचे. नेहमीची शाळा इतकी थांबते का कोणासाठी?

मिरकरवाडा: बाईंशी सहमत. मर्नेन, विलेट आणि टायलर या अमेरिकेतल्या संशोधकांचंही काम वाचा. अभ्यासात सर्वांत कच्च्या मुलांनाच जीईडीचा फायदा झालेला त्यांना दिसला, तोही काही वर्षांनी.

हर्णैकर: कमाईचं मान्य. पण बोटीवरच्या पोरांना जहाजावर जायचं असतं. जीपी रेटिंगला, म्हणजे व्यापारी जहाजावरच्या खलाशाच्या कोर्सला, दहावीला एकूण ४० टक्के आणि इंग्रजीतही ४० टक्के लागतात. ३५ वर पास झालेला तिथेच बाद. म्हणून सांगतो, बंदीच्या दोन महिन्यांत बंदरावरच इंग्रजी-गणिताचा वर्ग लावा, मग फॉर्म भरा.

बाई_गुहागर: वर्ग लावाच, मी शिकवायला येते. पण फॉर्म आधी. मुदत टळली की तो मुलगा पुन्हा हंगामभर समुद्रावर, आणि पुढच्या वर्षी त्याला शोधून आणायचं कोणी?