बायोगॅसचा गाळ भाजून मगच रानात टाकावा का? झिंक-तांब्याचं काय होतं?

मातीवाला:
आमचा बायोगॅस कोंबडीच्या विष्ठेवर चालतो. खाद्यात झिंक, कॉपर घालतातच, त्यातलं बरंचसं विष्ठेतनं बाहेर पडतं, मग डायजेस्टरमध्ये कर्बाचा गॅस होऊन निघून जातो पण धातू खालीच राहतात, म्हणून सुकवलेल्या गाळात ते जास्तच दाट होतात. माझं स्पष्ट मत, हा गाळ हवा न लागू देता ५००-५५० डिग्रीला भाजून त्याचा बायोचार (मातीत टाकायचा कोळसा) करावा आणि मगच रानात टाकावा. दहा वर्षं कच्चा टाकून माती बिघडली तर भरून कोण देणार?

सांगलीकर:
दादा, भाजून झिंक जाणार कुठं? हिशोब करा. समजा १०० किलो सुक्या गाळात ६० ग्रॅम झिंक, म्हणजे किलोला ६०० मिलिग्रॅम. भाजून ५० किलो उरला, झिंक तेवढंच, आकडा झाला १२००. खत नियंत्रण आदेशात कंपोस्टला किलोमागं १००० ची मर्यादा आहे. पास होणारा माल तुम्ही स्वतःच्या हातानं नापास केलात.

मातीवाला:
एकूण आकड्यावर अडकू नका हो, त्यातलं सुटून पिकाला किती मिळतं ते बघा. भाजल्यावर धातू खनिजांत घट्ट बसतात, सामू (पीएच) वाढतो, आणि डीटीपीए टेस्टमध्ये, म्हणजे पिकाला मिळू शकणारा धातू मोजायच्या चाचणीत, सुटणारा भाग बहुतेक वेळा कमी येतो.

लॅबवाली ताई:
घट्ट बसतात हे बरोबर, पण सगळे नाही. पारा ३५७ डिग्रीलाच उकळतो, म्हणजे तुमच्या भट्टीत तो धुरात जाणार, आणि ६०० च्या वर गेलात की कॅडमियमही निघायला लागतं. पत्र्याच्या ड्रममध्ये भाजणार असाल तर तो धूर कोण गाळणार, शेजारच्या वस्तीतली पोरं? धूर धरायची सोय नसेल तर माझा या भाजण्याला साफ विरोध आहे.

सांगलीकर:
आणि नत्राचं काय? गेल्या उन्हाळ्यात मी घमेलंभर ओला गाळ पत्र्यावर ठेवून खाली जाळ केला, पाच मिनिटांत डोळे चुरचुरायला लागले, सगळा अमोनिया डोळ्यांदेखत उडाला. वर युरियाची गोणी विकत आणायची? आपल्याकडं कितीतरी रानांत मुळात झिंकच कमी आहे, तिथं बेतानं टाकलेला गाळ उपयोगीच पडतो. त्यापेक्षा खाद्यातलंच झिंक-कॉपर गरजेपुरतं ठेवा.

मातीवाला:
खाद्याचं पटलं, ते आधी करतो. पण ज्या रानात दहा वर्षं पडलंय तिथं मी कच्चा गाळ आता टाकणार नाही. ताई, कच्चा आणि भाजलेला, दोन्हीचं एकेक किलो पाठवतो, एकूण आणि डीटीपीए दोन्ही काढून द्या, आकडे इथंच टाकतो.