अनुभव धागा : नोकरीच्या अर्जासोबतचं कव्हर लेटर, कोणी वाचतं का हो?

उंबरठ्यावरचं_मांजर :

मंडळी, निमित्त आमची भाची. परभणीच्या कृषी विद्यापीठातून फूड टेक्नॉलॉजी केलंय, आता पुण्याच्या आसपास डेअरी, बेकरी, मसाले, जिथे जागा दिसेल तिथे अर्ज टाकतेय. परवा तिने तिचं कव्हर लेटर दाखवलं, चॅटजीपीटीकडून लिहून घेतलेलं. इंग्रजी एकदम चकाचक. 'आपल्या नामांकित कंपनीच्या प्रगतीत हातभार लावायला मी अत्यंत उत्सुक आहे' छापाचे चार पॅरेग्राफ, आणि फूड टेक्नॉलॉजी खोडून सिव्हिल इंजिनिअरिंग टाकलं असतं तरी पत्राचं काही बिघडलं नसतं. म्हटलं अगं तू ट्रेनिंगला नक्की केलंस काय? तर म्हणे श्रीखंडाची शेल्फ लाइफ बघायचं काम होतं, रोज सँपल काढून अ‍ॅसिडिटी टायट्रेट करायची, यीस्ट-मोल्डच्या प्लेटा लावायच्या, आणि एका बॅचला बुरशी लवकर धरायला लागली तेव्हा हिने माग काढत काढत चक्का टांगायच्या कापडापर्यंत नेला. मग हे कुठंय पत्रात? तर 'मामा, ते काय लिहायचं, ते तर सगळेच करतात.'

माझं आपलं मत असं की रिझ्युमेत जे मावत नाही ते पत्रात यावं, तोच रिझ्युमे वाक्यं करून परत लिहू नये. पण मी काही एचआरवाला नाही. तेव्हा तुमचे अनुभव येऊ द्यात, लिहिलेली, वाचलेली, कचऱ्यात टाकलेली, सगळी पत्रं चालतील. कंपन्यांची नावं नकोत, उगाच लफडं.

नोटीस_पीरियड_९० :

पुण्यात आयटी भरतीत आहे. खरं सांगू का, वेगळी फाइल म्हणून जोडलेलं कव्हर लेटर मी उघडतच नाही, वेळच नसतो. पण मेलमध्ये जे लिहिलंय ते वाचतो, समोरच असतं ना ते. आणि नेमकं तिथे लोक लिहितात 'पीएफए रिझ्युमे', म्हणजे रिझ्युमे जोडलाय. संपलं. सब्जेक्ट लाइन रिकामी, नाहीतर नुसतं 'जॉब'.

मला काय हवं असतं सांगतो. कुठल्या जागेसाठी अर्ज आहे (जॉब आयडी दिला असेल तर तो), किती वर्षं कशात काम केलंय, आत्ता राहायला कुठे आणि नोटीस किती (राजीनामा दिल्यावर किती दिवस थांबावं लागतं), कमी होण्यासारखी आहे का. सीटीसी, म्हणजे वर्षाचा एकूण पगार, विचारला असेल तर तो. चार ओळीत बसतं हे. ९० दिवसांची नोटीस लोक लपवतात, मग शेवटच्या राउंडला ते बाहेर येतं आणि मॅनेजर माझ्यावर उखडतो.

एआयने लिहिलं म्हणून माझा राग नाही. फक्त एका जागेला आलेले मेल खालोखाल वाचले की सगळे एकाच माणसाने पाठवलेत असं वाटतं. सगळेच 'थ्रिल्ड'. जावा डेव्हलपरच्या जागेला थ्रिल होण्यासारखं काय असतं देव जाणे.

चहा_कमी_साखर :

+१. आणि मी बाई आहे हे जाहिरातीत नावासकट दिलेलं असताना 'डिअर सर'. रोज.

भोसरीकर :

आमच्याकडं उलटा अनुभव. एमआयडीसीत क्वालिटीला आहे, डिप्लोमा मेकॅनिकल, इंग्रजी यथातथाच. मागं एका मशिनिंगवाल्याकडं सीनियरची जागा निघाली होती, जाहिरातीत स्पष्ट लिहिलेलं की कस्टमर कम्प्लेंट हाताळता आली पाहिजे. मी पत्रात तेवढंच धरलं. साध्या इंग्रजीत लिहिलं होतं, मराठीत सांगायचं तर असं :

'जाहिरातीत कस्टमर कम्प्लेंटचा अनुभव मागितला आहे. मी सध्या अ‍ॅल्युमिनियम हाउसिंगच्या लाइनवर इन्स्पेक्शन बघतो. एका पार्टला लीकेजच्या कम्प्लेंट येत होत्या आणि सगळे फाउंड्रीला दोष देत होते. परत आलेले पीस कापून पाहिले तर थोड्यांत पोरोसिटी (ओतकामातली बारीक छिद्रं) होती, पण बऱ्याच पीसमध्ये ओ-रिंग (गळती थांबवणारी रबरी रिंग) बसते त्या खाचेला चॅटर मार्क, म्हणजे कापताना हत्यार थरथरल्याच्या खुणा, होत्या. इन्सर्ट (हत्याराचं बदलायचं कापणारं टोक) झिजेपर्यंत वापरला जात होता. किती पीसनंतर इन्सर्ट बदलायचा तो काउंट कमी केला, एट-डी रिपोर्ट (तक्रारीचं कारण आणि उपाय मांडणारा अहवाल) मी लिहिला, त्यानंतर त्या कारणाने पीस परत आले नाहीत.'

खाली सही, मोबाइल नंबर, बस. एचआरने ते प्लँट हेडला पुढं पाठवलं आणि इंटरव्ह्यूत साहेबांनी दुसरं काही फारसं विचारलंच नाही. कुठला इन्सर्ट, काउंट किती होता, किती केला, ऑपरेटर ऐकले का. आता मी ते खरंच केलेलं होतं म्हणून निभावलं, नेटवरून उचललेलं असतं तर तिथंच आडवा झालो असतो.

एक सांगून ठेवतो, कस्टमरचं नाव, पार्ट नंबर, ड्रॉइंगमधलं काहीही पत्रात घालू नका. समोरचा पहिला विचार हाच करतो की हा उद्या आमचंपण बाहेर सांगेल.

उंबरठ्यावरचं_मांजर :

भोसरीकर, हे भाचीला जसंच्या तसं पाठवतोय. तिचं चक्क्याचं कापड आणि तुमची ओ-रिंग एकाच जातीची आहेत.

गणित_मास्तर :

या विषयावर मी मुलांना नेहमी रामानुजनचा अर्ज सांगतो. केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना लिहिलेलं पत्र सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच्या आधी, फेब्रुवारी १९१२ मध्ये, त्याने मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केला होता, तो फार कोणी वाचलेला नसतो. जेमतेम पाच-सहा वाक्यं. आपल्या कचेरीत कारकुनाची जागा रिकामी आहे असं कळलं, मी मॅट्रिक पास आहे, एफ.ए.पर्यंत (मॅट्रिकनंतरची कॉलेजची परीक्षा) शिकलो पण अडचणींमुळे पुढे शिकता आलं नाही, मात्र सगळा वेळ गणितातच घालवतोय, नेमणूक केलीत तर काम नीट करीन याची मला खात्री आहे. झालं. एफ.ए.ला काय झालं त्याचं रडगाणं नाही, ती गोष्ट एका वाक्यात उरकून लगेच 'मी आत्ता काय करतोय' यावर आलाय बघा. सोबत प्रेसिडेन्सी कॉलेजच्या मिडलमास्टसरांचं शिफारसपत्र, मुलगा गणितात असामान्य आहे म्हणून. १ मार्चला महिना ३० रुपयांवर कामाला लागला.

आणि जानेवारी १९१३ मध्ये हार्डींना लिहिताना सुरुवात काय, तर मी पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात वर्षाला २० पौंडांवर कारकून आहे. मग सोबत प्रमेयांची पानं. म्हणजे कारकुनीच्या अर्जात प्रमेयं घातली नाहीत आणि हार्डींना मॅट्रिकची टक्केवारी कळवली नाही. वाचणारा कोण हे ओळखणं यालाच म्हणतात.

रिकामटेकडा_नं_१ :

मास्तर, आमच्याकडे प्रमेयं नाहीत हाच प्रॉब्लेम आहे :)

पेन्शनर_कोथरूड :

रामानुजनच्या अर्जातलं 'आय बेग टू अप्लाय' हे आमच्या पिढीनेही रट्टा मारून लिहिलेलं आहे. रोजगार समाचार घ्यायचा, टायपिंग इन्स्टिट्यूटवाल्याकडून टाइप करून घ्यायचं, कार्बन कॉपी आपल्याकडे. शाळेच्या अर्जाचा साचा तर अजून तोंडपाठ आहे : प्रति, मा. अध्यक्ष, विषय, सहायक शिक्षक पदासाठी अर्ज, संदर्भ, अमुक दैनिकातील अमुक तारखेची जाहिरात, महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की. मग शिक्षण, प्रवर्ग, अनुभव, खाली आपला विश्वासू आणि 'सोबत' म्हणून सत्यप्रतींची यादी.

आता शिक्षकभरती पवित्र पोर्टलवर गेली, तिथे हे काही लागत नाही. पण मी पुढे संस्थेच्या ऑफिसात बरीच वर्षं काढली म्हणून सांगतो, त्या साच्याला हसू नका. एकाच वेळी तीन-चार जाहिराती चालू असायच्या, विषय आणि संदर्भ बघून क्लार्क अर्ज बरोबर फायलीला लावायचा. वरती नोटीसवाले म्हणतात तो जॉब आयडी म्हणजे तरी दुसरं काय. 'सविनय' गेलं तरी चालेल, 'संदर्भ' राहू द्या.

नेकारकाठचा :

जर्मनीत श्टुटगार्टजवळ असतो. इथे कव्हर लेटरला आन्श्राइबेन म्हणतात आणि त्याचं बऱ्यापैकी कर्मकांड आहे. एकच पान. वर स्वतःचा पत्ता, मग कंपनीचा, तारीख, ठळक अक्षरात विषय आणि जाहिरातीचा नंबर. जाहिरातीत संपर्कासाठी कुणाचं नाव दिलेलं असेल तर मायना त्याच नावाने, आडनावाचं स्पेलिंग तीनदा तपासून. शेवटी कधीपासून रुजू होऊ शकता ते, आणि विचारलं असेल तर अपेक्षित पगार, तोही वर्षाचा आणि टॅक्स कापायच्या आधीचा. आपल्याकडचे लोक इथे महिन्याचा हातात येणारा आकडा लिहून मोकळे होतात आणि मग कमी पगारावर अडकतात. सगळं पीडीएफ, मागे सर्टिफिकेटं.

ढीगभर नमुने नेटवर मिळतात आणि सगळे 'मी याद्वारे अमुक पदासाठी अर्ज करत आहे'नेच सुरू होतात, ते वाचून इथली माणसंही कंटाळलीयत. हल्ली बऱ्याच ठिकाणी पत्र मागतच नाहीत, इथल्या रेल्वेने, डॉइच बाननेच २०१८ मध्ये ट्रेनीच्या अर्जांना ते लागणार नाही असं जाहीर केलं होतं. पण लहान कंपन्या, गावाकडचे कारखाने, तिथे मालक स्वतः वाचतो. महाराष्ट्र आणि आमच्या इथल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याचा २०२४ मध्ये कुशल कामगारांचा करार झाल्यापासून मला बरेच मेसेज येतात, 'दादा एक पत्र जर्मनमध्ये लिहून दे'. देत नाही. पत्र बी-टू लेव्हलचं, म्हणजे चांगल्या जर्मनमधलं, आणि माणूस ए-वन, म्हणजे अगदी नवशिका, हे फोनवर दुसऱ्या मिनिटाला कळतं.

मिरजेची_फिजिओ :

इंग्लंडमध्ये एनएचएसला, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेला, वेगळं पत्र नसतं, ऑनलाइन फॉर्ममध्येच 'सपोर्टिंग इन्फर्मेशन'चा मोठा रकाना असतो, तेच आपलं कव्हर लेटर. जाहिरातीला 'पर्सन स्पेसिफिकेशन' नावाचा कागद जोडलेला असतो, त्यात कुठल्या गोष्टी असायलाच हव्यात आणि कुठल्या असल्या तर बरं याची यादी. शॉर्टलिस्ट करणारे ती यादी समोर ठेवून मार्क देतात, तुमचं नावही त्यांना दिसत नाही. मी बँड ५ (तिथली एक पगारश्रेणी) साठी अर्ज करताना आधी भारतातल्यासारखं 'लहानपणापासून रुग्णसेवेची आवड' लिहायला घेतलं होतं, तिथल्या एका सीनियर मैत्रिणीने अख्खं खोडलं. म्हणाली यादी घे, एकेका मुद्द्याखाली एक पेशंट आठव. टीमवर्क लिहिलंय ना? मग हिप रिप्लेसमेंटचे आजोबा, घरी जिना आहे, नर्स म्हणते उद्या सोडू, तुला वाटतंय वॉकरवर अजून तोल जातोय, मग तू कोणाशी काय बोललीस ते लिही. पेशंटची ओळख पटेल असं काही घालायचं नाही, हे भोसरीकरांच्या पार्ट नंबरसारखंच. आणि एचसीपीसीचं (फिजिओंची नोंदणी करणारी तिथली संस्था) रजिस्ट्रेशन पहिल्या ओळीत, ते नसेल तर बाकीचं कोण वाचतंय.

सातपुडा_पायथा :

नंदुरबारकडे एका छोट्या संस्थेत आहे, आरोग्याचं काम. आमच्याकडे पत्र शब्दन् शब्द वाचलं जातं कारण अर्जच मोजके येतात. पुण्यामुंबईच्या मुलांची पत्रं सुंदर असतात, 'तळागाळातील घटकांच्या उत्थानासाठी' वगैरे. मला काय बघायचं असतं? टू-व्हीलर चालवता येते का, पावसाळ्यात धडगावकडचे रस्ते बंद झाले तर पाड्यावर मुक्काम करशील का, पावरी किंवा भिली समजते का, नसेल तर शिकशील का. एका मुलीने लिहिलं होतं की मला पावरी येत नाही, अहिराणी घरची आहे, आशाताईंसोबत लसीकरणाच्या सर्व्हेला महिनाभर फिरलेय, आणि रात्री एकटीने राहायची सवय नाही पण कोणी सोबत असेल तर राहीन. शेवटचं वाक्य शहरातल्या एचआरने लाल पेनने खोडलं असतं. आम्ही तिला त्याच वाक्यामुळे बोलावलं, कारण बाकीचे सगळे कशालाही तयार होते.

घरकाम_प्रो_मॅक्स :

गॅपचं काय करायचं कोणी सांगेल का? अकाउंट्सला होते, टॅली, जीएसटी रिटर्न सगळं करायचे. मुलगा लहान, मग सासऱ्यांचं आजारपण. पत्रात लिहू की फोनवर विचारतील तेव्हा सांगू?

नोटीस_पीरियड_९० :

लिहा, एका ओळीत. 'घरच्या जबाबदारीमुळे अमुक ते अमुक काम थांबवलं होतं, आता पूर्णवेळ उपलब्ध आहे.' कारणांचा तपशील नको, माफी तर अजिबात नको. तारखांमध्ये भोक दिसलं आणि खुलासा नसला की आमच्यासारखे लोक नको ते अंदाज बांधतात.

चहा_कमी_साखर :

आणि त्या ओळीनंतर लगेच आत्ताचं काहीतरी. जीएसटीत मधल्या काळात बरंच बदललंय, ई-इनव्हॉइस आलं, तुम्ही ते बघितलं असेल तर लिहा. सोसायटीचे हिशेब, नवऱ्याच्या दुकानाची रिटर्न, काहीही चालेल. फुकट केलेलं काम पण कामच असतं.

घरकाम_प्रो_मॅक्स :

अगं दिराच्या हार्डवेअरच्या दुकानाचं मीच भरते की सगळं! हे डोक्यातच आलं नव्हतं.

रिकामटेकडा_नं_१ :

सगळं ठीक आहे हो, पण शेवटी ओळख लागते. रेफरल असेल तर पत्र कोण बघतंय आणि नसेल तरी कोण बघतंय.

नोटीस_पीरियड_९० :

रेफरलचा वशिला चालतो हे मी नाकारणार नाही. पण आमच्याकडे रेफरल येतो कसा माहितीये? 'माझा कॉलेजचा मित्र आहे, बघा जरा', आणि खाली रिझ्युमे. ज्याने पाठवलं त्यालाही माहीत नसतं की मित्र नक्की काय काम करतो. मी विचारलं की तो मित्राला विचारणार, मित्र दोन दिवसांनी उत्तर देणार, तोवर दुसऱ्याचा राउंड झालेला असतो. म्हणून ज्याला रेफर करायला सांगताय त्याला त्या चार ओळी तुम्हीच लिहून द्या, त्याने नुसतं फॉरवर्ड करायचं.

रिकामटेकडा_नं_१ :

म्हणजे परत पत्र आलंच का.

भोसरीकर :

आलंच. लिही आता आणि इथं टाक, आम्ही बघतो. कंपनीचं नाव काढून.