मदत हवी आहे: एस्पेरांतो येते, आता कॅन्टोनीज शिकायची आहे. कुठून सुरुवात करू?

नमस्कार मंडळी,

माझी वहिनी हाँगकाँगची, दादा आणि ती तिथेच राहतात. तिच्याशी इंग्रजीत बोलणं होतं, पण तिच्या आईंना कॅन्टोनीजखेरीज (तिथली चिनी बोली) दुसरी भाषा येत नाही. दिवाळीत सगळे पुण्याला येणार आहेत. त्या आजी आमच्या घरी राहतील आणि कोणी त्यांच्याशी बोलणारच नाही, हे मला नकोय.

मला एस्पेरांतो (मुद्दाम घडवलेली आंतरराष्ट्रीय भाषा) बऱ्यापैकी येते. एस्पेरांतोवाले ठामपणे सांगतात की आधी ही शिकलात तर पुढची परकी भाषा सोपी जाते. फ्रेंच शिकताना मला तसा अनुभव आला. कॅन्टोनीजमध्ये मात्र पायच रोवता येत नाहीये.

एस्पेरांतोत शब्दाच्या शेवटाकडे बघितलं की सगळं कळतं. ओ आलं की नाम, आ आलं की विशेषण, क्रियापदाला आस, इस, ओस लावले की वर्तमान, भूत, भविष्य. 'ला हुंडो विदास ला कातोन' म्हणजे कुत्रा मांजराला पाहतो. शब्द उलटसुलट केले तरी 'कातोन'मधल्या शेवटच्या 'न'मुळे कोण कोणाला पाहतंय ते बदलत नाही, आपल्या 'मांजराला'मधल्या 'ला' प्रत्ययासारखंच. कॅन्टोनीजमध्ये मी असा शेवट शोधत बसते आणि तिथे काहीच नसतं. बरेच शब्द एका अक्षराचे, ना काळ, ना वचन, ना विभक्ती. व्याकरण सोपं आहे असं पुस्तक म्हणतं, पण मग अडकतंय कुठे?

शिवाय एकच 'सि' सहा सुरांत म्हटला की कविता, इतिहास, प्रयत्न, वेळ, बाजार, बाब असे सहा वेगळे शब्द होतात. हे कानाला कसं लावायचं? आणि लिपी आत्ताच घ्यावी की नंतर? ज्यांनी शिकलीय त्यांनी कृपया सांगा.

— सायली_पुणे

*

सायलीताई, नोकरीनिमित्त बरीच वर्षं हाँगकाँगला होतो, म्हणून लिहितो.

आधी एक गोष्ट जी इंग्रजी पुस्तकं तुम्हाला सांगणार नाहीत, कारण ती इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिलेली असतात. तुम्ही 'ज्युतपिंग' ही रोमन पद्धत वापरत असाल (हाँगकाँगच्या भाषाशास्त्र संस्थेने १९९३ मध्ये आणलेली). तिच्यातला रोमन बी म्हणजे आपला ब नव्हे, तो प. पी म्हणजे फ, ओठ मिटून म्हटलेला, 'फळ'मधला. तसंच डी म्हणजे त, टी म्हणजे थ, जी म्हणजे क, के म्हणजे ख. इंग्रजी माणसाचं बी-पी असंच वाचून भागतं, आपल्याला मात्र हा प-फ फरक बाराखडीबरोबर मिळालेला आहे. झेड म्हणजे 'चाक'मधला च. ज्युतपिंगचा खरा उच्चारही 'युत-फिंग' असाच आहे. तेव्हा वही देवनागरीत करा आणि प्रत्येक अक्षरावर १ ते ६ सुराचा आकडा घाला.

सुरांबद्दल: १, ३ आणि ६ सपाट आहेत, अनुक्रमे वर, मध्ये, खाली. हे तीन आधी बसवा. २ आणि ५ चढतात, ४ खाली उतरतो. सुटा सूर घोकू नका, जोडीने घ्या. 'माय' पाचव्या सुरात म्हणजे विकत घेणे, सहाव्यात म्हणजे विकणे. बाजारात हा फरक चुकवून चालत नाही.

आपल्या लोकांची एक हमखास अडचण म्हणजे प्रश्न विचारताना आपण शेवटचा शब्द वर नेतो. तिथे तसं केलं तर शब्दच बदलतो! म्हणून कॅन्टोनीजने ते बरंचसं काम वाक्याच्या शेवटच्या छोट्या शब्दांवर टाकलंय: आ, ला, लो, वो, मे. आपलं 'जेवलात का', 'ये हं', 'सांगितलं की' आठवा. आजींशी बोलायचं तर क्रियापदांइतकेच हे शब्द कामाला येतील.

— दर्यावर्दी

*

मीही एस्पेरांतोवालाच. तुमच्या मूळ प्रश्नाचं माझं उत्तर असं की एस्पेरांतोने फ्रेंचला मदत केली ती शब्दांमुळे. एस्पेरांतोचे कर्ते झामेनहोफ यांनी १८८७ मध्ये वॉर्सात पहिलं पुस्तक छापलं तेव्हा शब्द घेतले ते मुख्यतः लॅटिन, फ्रेंच, जर्मन यांच्यातून. मराठी माणसालाही नोमो, देंतो, नोवा हे नाम, दंत, नव म्हणून ओळखीचे वाटतात. कॅन्टोनीजमध्ये असं नातं नाही, त्यामुळे ती अपेक्षाच सोडा.

पण क्रियापद न बदलता शेजारी काहीतरी ठेवून अर्थ बदलायचा, ही सवय उपयोगी पडेल. 'ङो सिक चो फान' (इथला फ मात्र इंग्रजी एफसारखा) म्हणजे मी जेवले. 'चो'च्या जागी 'कन' ठेवा, मी जेवतेय. हे काळ नाहीत, क्रिया पूर्ण झाली की चालू आहे एवढंच ते सांगतात. सगळ्या पुरुषांना आणि वचनांना तेच. एस्पेरांतोतही क्रियापद मी, तू, ते कोणासाठीच बदलत नाही, म्हणून तुम्हाला हे खटकणार नाही.

— हिरवा_तारा

*

दोघांचे मनापासून आभार. देवनागरीचं इतकं उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. 'फो-फो' (भाचा आजीला हाक मारतो ती) रोमनमध्ये वाचून मी 'पोपो' समजत होते. आता लिपीचं सांगा.

— सायली_पुणे

*

दिवाळीपर्यंत लिपीला हात लावू नका. एस्पेरांतो आधी कागदावर आली, मग तोंडात, म्हणून तुम्ही वाचत वाचत बोलायला शिकलात. इथे तो रस्ता नाही. हाँगकाँगचं वर्तमानपत्र प्रमाण चिनीत असतं. ते कॅन्टोनीज उच्चारांत मोठ्याने वाचता येतं, पण घरात तसं कोणी बोलत नाही. 'तो/ती'साठीचा शब्दसुद्धा बोलण्यात वेगळा, छापील मजकुरात वेगळा. २०२१ च्या जनगणनेत तिथल्या सुमारे ८८ टक्के लोकांनी रोजची भाषा कॅन्टोनीज सांगितली, तरी त्यांची शाळेतली लिखित भाषा ही नव्हे. तुम्ही वर्ड्स डॉट एचके हा शब्दकोश वापरा, तो बोलीचाच आहे, ज्युतपिंगसकट. आणि वहिनींकडून आजींच्याच आवाजात रोजची वाक्यं मागवून घ्या.

नात्यांपासून सुरुवात करा. वडिलांची मोठी बहीण 'कू-मा', धाकटी 'कू-चे'. तुम्ही वहिनी म्हणताय म्हणजे दादा मोठा, तेव्हा भाच्यासाठी तुम्ही कू-चे. आजीही नातवासमोर तुम्हाला बहुधा तेच म्हणतील.

— दर्यावर्दी