‘अभिजात’ चित्रपट ठीक, पण ‘विंटेज’ दूरचित्रवाणीला काय म्हणावे?

पडद्यामागे

जुने चित्रपट आणि दूरचित्रवाणीच्या आरंभीच्या काळातील कार्यक्रम यांविषयीच्या एका इंग्रजी लेखसंग्रहाचा अनुवाद मी सध्या करीत आहे. त्याच्या उपशीर्षकातच ‘क्लासिक’ चित्रपट आणि ‘विंटेज’ टेलिव्हिजन असे दोन शब्द शेजारी शेजारी आले आहेत. पहिल्यासाठी ‘अभिजात’ लिहून मी पुढे गेलो आणि दुसऱ्यापाशी अडलो. ‘पुरातन’ म्हटले की शिलालेख डोळ्यांपुढे येतात, ‘जुनाट’मध्ये तुच्छता आहे, आणि ‘दुर्मीळ’ म्हणावे तर त्यातले कित्येक कार्यक्रम आज कोणालाही सहज पाहता येतात. शेवटी ‘जुनी दूरचित्रवाणी’ असे लिहिले. एका स्नेह्याने मसुदा वाचून सांगितले की हे शब्द वाचताना त्याला कार्यक्रम आठवले नाहीत, लाकडी पेटीतला तो अवजड संच आठवला. त्याने ‘अभिजात’खालीही रेघ ओढली, कारण त्याच्या मते संग्रहातील निम्मे चित्रपट केवळ जुने आहेत. ‘दूरदर्शन’ वापरण्याची सोय नाही, ते आता एका संस्थेचे नाव आहे. ‘अभिजात’चे मी पाहून घेईन, ‘विंटेज’साठी कोणी शब्द सुचवील काय?

शब्दकण

‘विंटेज’च्या मुळाशी द्राक्षांची तोडणी आहे. लॅटिनमध्ये त्या तोडणीला ‘विंडेमिया’ म्हणत. तिथून फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्रजीत आला आणि ज्या वर्षीच्या द्राक्षांपासून मद्य तयार झाले ते वर्ष, असा त्याचा अर्थ झाला. मोटारींच्या बाबतीत तर ब्रिटनमधील जाणकार १९१९ ते १९३० या काळात तयार झालेल्या गाडीलाच ‘विंटेज’ म्हणतात. त्याआधीची गाडी कितीही जुनी असली तरी तिला निराळे नाव आहे. म्हणजे या शब्दात जुनेपणापेक्षा हंगाम महत्त्वाचा आहे. पीक हाती येण्याच्या हंगामाला आपल्याकडे ‘सुगी’ हा तयार शब्द आहे, आणि कन्नडमधील ‘सुग्गी’शी त्याचे नाते उघड आहे. ‘दूरचित्रवाणीच्या सुगीतील कार्यक्रम’ असे लिहून पाहावे. काही जण ‘मुरलेले’ असे सुचवतील, म्हणून आधीच सांगतो की मुरण्याचे काम काळ करतो, तर ‘विंटेज’ केवळ जन्माचा हंगाम सांगतो.

तिसरी घंटा

व्युत्पत्ती मोहक आहे, परंतु वाचक शब्दाचे मूळ शोधत बसत नाही. मराठीत ‘सुगीचे दिवस’ म्हणजे भरभराटीचे दिवस. एखाद्या नटाला सुगीचे दिवस आले असे आपण म्हणतो, तेव्हा त्याच्याकडे कामे आणि पैसा येत आहे एवढेच ऐकणाऱ्याला कळते. ज्या काळात बहुतेक कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत आणि त्याच रात्री हवेत विरून जात, त्याला सुगी म्हणणे मला पटत नाही.

मला प्रश्नाच्या पहिल्या भागाविषयी अधिक बोलायचे आहे, कारण रेघ ओढणाऱ्या स्नेह्याची शंका रास्त आहे. ‘अभिजात’चा संस्कृतातील अर्थ कुलीन, चांगल्या घराण्यात जन्मलेला. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपदा घेऊन जन्मलेल्याला ‘अभिजात’ म्हटले आहे. योगायोग असा की लॅटिनमधील ‘क्लासिकस’ हा शब्दही मुळात वरच्या वर्गातील नागरिकासाठी होता आणि नंतर तो लेखकांना लावला गेला. दोन्हीकडे मोठेपण समाजातील वरच्या स्थानाचे आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून मात्र पुष्कळ लोक या शब्दाचा अर्थ ‘फार प्राचीन’ असाच घेऊ लागले आहेत.

चित्रपटाच्या बाबतीत यातला एकही अर्थ नेमका बसत नाही. ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ हा चित्रपट १९४६ साली आला तेव्हा त्याने अपेक्षेइतकी कमाई केली नाही. १९७४ मध्ये त्याच्या स्वामित्वहक्काचे नूतनीकरण व्हायचे राहून गेले, त्यामुळे अमेरिकेतील दूरचित्रवाणी केंद्रांना तो फुकट दाखवता येऊ लागला आणि ती केंद्रे दर नाताळात तो लावत राहिली. आज त्याला कोणीही ‘क्लासिक’ म्हणेल; परंतु हे कुलीनत्व त्याला जन्मतः मिळालेले नाही, आणि ते दिले कोणी, तर त्याच दूरचित्रवाणीने, जिच्यासाठी आपण इथे शब्द शोधत आहोत.

रिळांचा डबा

माझे वडील चित्रपटगृहात यंत्र चालवीत आणि लहानपणी मी कित्येक खेळ त्यांच्या खोलीतल्या चौकोनी झरोक्यातून पाहिले आहेत. रीळ संपत आले की चित्राच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक बारीक गोल ठिपका क्षणभर उमटतो. पहिल्या ठिपक्याला ते पुढचे रीळ चढवलेल्या दुसऱ्या यंत्राची मोटार सुरू करीत आणि सुमारे सात सेकंदांनी दुसरा ठिपका आला की हात मारून प्रकाश इकडचा तिकडे करीत. खाली बसलेल्या प्रेक्षकांना काही कळत नसे. आमच्या घरात त्या ठिपक्याला ‘टिकली’ म्हणत आणि आजही जुना चित्रपट पाहताना माझी नजर कथेआधी त्या कोपऱ्याकडे जाते.

हे सांगण्याचे कारण असे, की त्या खोलीत ‘अभिजात’ किंवा ‘क्लासिक’ हे शब्द मी कधी ऐकले नाहीत. ‘जुने चित्र लागले आहे’ असे वडील म्हणत, आणि त्या ‘जुने’मध्ये पुरेसा आदर असे. ‘चित्र’ हा शब्द त्या पिढीत चित्रपटासाठी सर्रास चाले. ‘लागणे’ या क्रियापदाकडेही पाहावे: चित्रपट लागतो, मालिका लागते, आणि पुन्हा दाखवली तर ती पुन्हा लागते. मूळ प्रश्नातील ‘जुनी दूरचित्रवाणी’ हे शब्द खटकतात, त्याचे कारण मला ‘जुनी’ या विशेषणात दिसत नाही. इंग्रजीत ‘टेलिव्हिजन’ म्हटले की कार्यक्रमांचा सगळा साठा त्यात येतो, मराठीत ‘दूरचित्रवाणी’ म्हणजे एक तर माध्यम नाही तर संच. तेव्हा ‘जुने चित्रपट आणि जुन्या मालिका’ असे लिहून मोकळे व्हावे.

शब्दकण

आपल्या वडिलांची आठवण मनाला भिडली, तरीही मतभेद नोंदवतो. ‘जुने’ने सगळे भागते असे धरून चाललो तर नवा शब्द कधीच घडणार नाही. ‘दिग्दर्शक’, ‘मध्यंतर’ हे शब्द सावरकरांच्या नावे सांगितले जातात. तेही प्रथम वाचणाऱ्यांना जडच वाटले असतील, आणि आज ते घडवलेले आहेत याची आठवणही कोणाला होत नाही. ‘चित्रपट’ तर संस्कृतात कापडावरच्या चित्राला म्हणत. तो पट पांढऱ्या पडद्यावर सरकला आणि आपण तो स्वीकारला. ‘सुगी’लाही तेवढी संधी मिळावी.

तिसरी घंटा

‘मध्यंतर’ टिकला, कारण त्या जागी बोलण्यात दुसरा सोपा शब्द नव्हता. ‘जुने’ मात्र प्रत्येकाच्या तोंडी आहे आणि त्याला बाजूला सारायचे तर नव्या शब्दाने काही अधिक सांगायला हवे. ‘सुगी’ अधिक सांगत नाही, वेगळेच काहीतरी सांगते.

ओळअक्षर

‘मालिका’ लिहून भागणार नाही, कारण त्या काळात एकेकटी नाटके, गाण्यांचे कार्यक्रम आणि मुलाखतीही भरपूर होत्या. शिवाय त्या कार्यक्रमांची ओळख मला वर्षापेक्षा दिसण्यावरून होते. १९५६ मध्ये चुंबकीय चित्रफीत वापरात येईपर्यंत अमेरिकेत थेट कार्यक्रम जतन करायचा म्हणजे दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा ठेवून त्या चित्राचेच चित्रण करीत. म्हणून ते धूसर दिसतात, माणसांच्या कडा विरघळल्यासारख्या वाटतात आणि नीट पाहिले तर आडव्या रेषाही दिसतात. उलट १९५१ मध्ये सुरू झालेली ‘आय लव्ह ल्यूसी’ ही मालिका तीन कॅमेऱ्यांनी ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित केली होती, त्यामुळे ती आजही लख्ख दिसते. दोन्ही एकाच हंगामातल्या, पण पाहणाऱ्याला एक जुनी वाटते आणि दुसरी तितकी वाटत नाही.

याच अनुषंगाने ‘कृष्णधवल’विषयीही बोलले पाहिजे, कारण या लेखसंग्रहात तो शब्द पानोपानी येणार. मूकपटांना सरसकट कृष्णधवल म्हणणे चुकीचे आहे. त्यांच्या कित्येक प्रतींना प्रसंगानुसार रंग दिलेला असे: रात्रीसाठी निळा, दिव्याच्या उजेडातल्या खोलीसाठी पिवळसर, आगीसाठी लाल. पुढे जतनासाठी काढलेल्या प्रतींत ते रंग गेले, आणि आपण राखाडी प्रत पाहून मूळ चित्रपटच तसा होता असे समजू लागलो.

पडद्यामागे

सर्वांचे आभार. दूरचित्रवाणी म्हणजे माध्यम किंवा संच हा मुद्दा मला एकदम पटला, आणि उपशीर्षकात ‘दूरचित्रवाणीवरील जुने कार्यक्रम’ असा बदल मी तूर्त केला आहे. ‘विंटेज’ अजून सुटलेला नाही. परंतु ओळअक्षर यांनी आता मला नव्याच पेचात टाकले आहे, कारण पुढच्याच प्रकरणात अशा रंग दिलेल्या मूकपटांवर दोन पाने आहेत आणि मी तिथे ‘रंगीत’ असा शब्द लिहून ठेवला आहे.

रिळांचा डबा

‘रंगीत’ लिहू नये, वाचक निसर्गात दिसतात तसे सगळे रंग समजेल. संबंध चौकट एकाच रंगाची असते, तेव्हा ‘रंगात बुडवलेली प्रत’ म्हणावे; फिल्म खरोखरच रंगाच्या द्रावणात बुडवीत असत.

शब्दकण

त्यासाठी ‘रंजित’ हा अधिक नेमका शब्द आहे.

तिसरी घंटा

‘रंजित’ वाचून किती जणांना रंग आठवेल आणि किती जणांना मनोरंजन?