कोल्हापुरात भाड्याचं घर: आधी पाणी कुठवर आलं होतं ते विचारा

विषय: कायमचं कोल्हापूरला, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
मेच्या शेवटी आम्ही मेलबर्न सोडून कोल्हापूरला राहायला जातोय. ह्यांना शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत काम मिळालंय. हे नाशिकचे, मी ठाण्याची; कोल्हापुरात आमचं कुणीच नाही. अंबाबाईच्या दर्शनाला दोनदा गेलो, तेवढीच ओळख. मुलं दहा आणि चार वर्षांची, दोघांचं ओसीआय (परदेशी पासपोर्ट असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड) आहे. एका एजंटने नदीच्या बाजूचा तळमजल्यावरचा फ्लॅट व्हिडिओवर दाखवलाय. फ्लॅट छान आहे, भाडंही परवडणारं आहे. आजच टोकन द्या म्हणतोय. देऊ का? आणि गेल्या गेल्या काय काय उरकायचं?
– रविवारच्या शाळेतली ताई

उत्तर:

ताई, टोकन अजिबात देऊ नका.

आम्हीही असंच परक्यासारखे इथे आलो, त्याला आता तीन वर्षं होतील. रमणमळ्याकडचा एक फ्लॅट आम्हाला फार आवडला होता. एजंट म्हणाला, पाणी रस्त्यापर्यंत येतं, आत नाही. खाली एक आजी सांडगे वाळत घालत होत्या. त्यांनी मला पार्किंगमध्ये नेलं, टाचा उंचावून भिंतीवर तळवा टेकवला आणि म्हणाल्या, "हितपतूर आलतं बघ." नवीन रंगाखालून मातकट रेघ पुसटशी दिसत होती. मग लक्षात आलं की इमारतीचे सगळे लाईटचे मीटर पहिल्या मजल्यावर जिन्याच्या वळणावर नेऊन बसवलेत. तेव्हापासून घर बघायला गेलं की मी आधी मीटर कुठे आहेत ते बघते. मीटर उगाच कुणी वर नेत नाही. एजंटला विचारू नका, शेजारच्या दुकानात विचारा: 2019 च्या महापुरात पाणी कुठवर होतं आणि 2021 च्या महापुरात कुठवर? लोक खरं सांगतात, वर चहाही पाजतात.

आता कागदपत्रं. भाडेकरार नोंदणीकृतच करून घ्या. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला कागद पुढे करतील, तो घेऊ नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे नोंदणी करून देणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. गॅस असो, बँक असो, पत्त्याचा पुरावा म्हणून तोच कागद सगळीकडे लागतो.

मुलांच्या आधारबाबत मात्र आमची खूप ओढाताण झाली. ओसीआयवाल्यांना आधीच्या बारा महिन्यांत 182 दिवस भारतात राहिल्याशिवाय आधारसाठी अर्जच करता येत नाही. शाळा पहिल्याच दिवशी आधार मागत होती. ऑफिसमधल्या बाईंना नियमच माहीत नव्हता, आणि मुलगा बाहेर बाकावर रडवेला होऊन बसला होता. तुम्ही आधीच पासपोर्टवरच्या भारतात आल्याच्या शिक्क्याची प्रत, ओसीआय आणि जुन्या शाळेचा दाखला एकत्र लावून लेखी अर्ज द्या, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. तुमचा दोघांचा पासपोर्ट भारतीय असेल तर तुम्हाला ही मुदत लागू नाही, आल्याबरोबर अर्ज करा.

एनआरई खातं (परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं इथल्या बँकेतलं खातं) असेल तर बँकेला परत आल्याचं कळवून ते निवासी खात्यात बदलून घ्या. तुमच्या ह्यांचं गाडीचं भारतातलं लायसन संपून वर्षाच्या वर झालं असेल तर परत टेस्ट द्यावी लागेल.

बोलण्याची काळजी करू नका. इथल्या बायकाही "मी जातो, मी येतो" म्हणतात. पहिल्या आठवड्यात कानाला वेगळं वाटतं. आता माझी धाकटी तसंच बोलते आणि मला ते फार गोड वाटतं.
– ढोलपथकातली वहिनी (आता मुक्काम कोल्हापूर)

उत्तर:

वहिनींनी लाखमोलाचं सांगितलंय. मी मूळचा शिवाजी पेठेतला, म्हणून थोडी भर घालतो. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी रोज बघायची सवय लावून घ्या. 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका. 2019 आणि 2021 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की नदीकाठचे लोक सामान वर चढवायला लागतात, तसंच तुम्हीही करायचं.

अजून एक, जे एजंट तुम्हाला कधीच सांगणार नाही. शिरोली नदीच्या पलीकडे आहे. महापुरात शिरोलीजवळ हायवेवरच पाणी येतं आणि रस्ता बंद होतो. दादा पलीकडे आणि तुम्ही मुलांसह अलीकडे, असं कित्येक दिवस होऊ शकतं. तेव्हा कंपनीत राहायची काय सोय असते ते दादांनी रुजू होण्याआधीच विचारून ठेवावं. आणि चहूकडे पाणी असलं तरी नळाला थेंब नसतो, कारण नदीतून पाणी उचलणारी उपसा केंद्रंच पाण्याखाली जातात. 2019 ला माझ्या बहिणीने टँकरपुढे रांगा लावल्यात. पातळी चढायला लागली की आधी पिंपं भरा.

घर टाकाळा, सागरमाळ नाहीतर विद्यापीठाकडे बघा. तो सगळा भाग उंचावर आहे.
– काका

उत्तर:

काका, वहिनी, आत्ताच ह्यांना वाचून दाखवलं. शिरोली पलीकडे आहे हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. टोकन थांबवलंय. एजंट म्हणतो, आमच्या बिल्डिंगला पाणी लागतच नाही. वहिनी, पत्ता पाठवला तर जाता येता नजर टाकाल का? तुम्हाला त्रास देतेय.

उत्तर:

त्रास कसला ताई, लगेच पाठवा. शनिवारी सकाळी जाऊन मीटरचा फोटो काढते आणि खालच्या दुकानात विचारून फोन करते. टाकाळ्यावर आमच्या मागच्या गल्लीतही एक वरचा मजला रिकामा होतोय. तोही बघून येते.