मानेच्या डॉप्लरवर थांबावे का?

निपाणीकर : मागच्या आठवड्यात वडिलांच्या उजव्या हातातून कपबशी निसटली, दहा मिनिटे बोलणे अडखळले आणि मग सारे पूर्ववत झाले. शेजाऱ्यांनी 'पित्त असेल' म्हटले. आम्ही मानेची डॉप्लर, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफी, केली. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या डाव्या धमनीत रक्ताचा वेग सेकंदाला 280 सेंटिमीटर निघाला. 230 च्या वर गेला की धमनी 70 टक्के किंवा अधिक अरुंद झाल्याचे धरतात. तरीही बेळगावला जाऊन सीटी अँजिओग्राफी (डाय टोचून सीटी स्कॅनवर धमन्या पाहणे) करा, असे सांगितले आहे. आकडा इतका स्पष्ट असताना, वडिलांचे क्रिएटिनिन वाढलेले, म्हणजे मूत्रपिंडे कमजोर असताना, आयोडीनचा डाय टोचून घेण्याचा हा आग्रह मला अनाठायी वाटतो.

खानापूरकर : मी असहमत आहे. डॉप्लर अरुंदपणा मोजत नाही, वेग मोजते आणि त्यावरून अंदाज बांधला जातो. मानेवर टेकवायच्या प्रोबचा रक्तप्रवाहाशी होणारा कोन 60 अंशांपलीकडे गेला तर आकडा फुगतो. दुसऱ्या बाजूची धमनी बंद असेल तर या बाजूला रक्ताचा लोंढा वाढतो आणि वेग तेवढ्यानेही चढतो. कवटीत शिरणारा भाग तर तिला दिसतच नाही. याहून मोठी गफलत म्हणजे दोऱ्याएवढी वाट उरलेली धमनी कधी कधी पूर्ण बंद भासते आणि पूर्ण बंद धमनीवर ती मोकळी करण्याची शस्त्रक्रिया सहसा करत नाहीत.

निपाणीकर : सीटी तरी निर्दोष कुठे आहे? धमनीत कॅल्शियम साचले असेल तर त्याच्या चकाकीने अरुंदपणा आहे त्याहून मोठा दिसतो.

चिकोडीचा वाचक : दोघांचेही म्हणणे खरे आहे, मात्र बिनडायची एमआर अँजिओग्राफी (एमआरआय यंत्रावर धमन्या पाहणे) कोणीच विचारात घेतलेली दिसत नाही. प्रवाह मंदावलेल्या जागी तीही अरुंदपणा वाढवून दाखवते, हे मान्य. पण ती आणि डॉप्लर एकाच निष्कर्षावर आल्या, तर बहुधा तेवढे पुरते. धमनीत कॅथेटर (बारीक नळी) घालून करायच्या अँजिओग्राफीत थोडा का होईना पक्षाघाताचाच धोका असल्याने तिच्यापासून सुरुवात करत नाहीत. शिबिरांतून धडधाकट माणसांच्या मानेवर प्रोब फिरवण्याला माझा विरोध आहे, पण तुमच्या वडिलांना पक्षाघाताचा इशारा देणारे लक्षण दिसलेले आहे आणि शस्त्रक्रियेचा लाभ पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक असतो. त्यांतला एक आठवडा गेलेला आहे.

निपाणीकर : डायबद्दलचे माझे मत बदललेले नाही. एमआरची वेळ मात्र उद्याचीच घेतो, बेळगावात नाही मिळाली तर कोल्हापुरात. आम्हाला तेच जवळ पडते.