अनुभव धागा: पोरं कॉलेजला गेली, पहिलं वर्ष आपलं कसं गेलं?

धागाकर्ती, सातारा

मे-जूनपासून आपण सगळेच पर्सेंटाइल, कटऑफ, कॅप राउंड (केंद्रीय प्रवेश फेऱ्या) आणि ऑप्शन फॉर्म यातच बुडालेलो होतो. कुठली ब्रँच घ्यावी यावर तर बोलून बोलून घसे बसले. पण ॲडमिशन झाल्यावर घरी उरलेल्या आईबापांचं वर्षभर काय होतं, यावर कोणी अवाक्षर काढत नाही. म्हणून हा धागा. सल्ले नकोत, घडलेलं लिहा. पैशांचंही मोकळेपणानं लिहा. पाल्याचा सीजीपीए लिहायचाच असेल तर सगळ्यात शेवटी.

सुरुवात माझ्यापासून. मुलगी पुण्यात बीएस्सीला. नव्या शैक्षणिक धोरणामुळे मेजर, मायनर, क्रेडिट, एबीसी आयडी असं काय काय आहे. तिचं टाइमटेबल मला अजून उलगडलेलं नाही, आणि मी स्वतः बीएस्सी आहे. रोज रात्री नऊला फोन. "जेवलीस?" "हो." "काय होतं?" "नेहमीचंच." ऑक्टोबरात कधीतरी तिच्या मैत्रिणीकडून कळलं की रविवारी संध्याकाळी मेस बंदच असते. पुण्यात बहुतेक ठिकाणी असते म्हणे. म्हणजे दर रविवारचं ते "नेहमीचंच" म्हणजे वडापाव नाहीतर मॅगी. तिला विचारलं तर म्हणाली, "तू जेवलीस का विचारतेस, मी जेवते की."

खरे फोन वेगळेच. ते भर दुपारी येतात, मी बँकेत काउंटरवर असताना. फोनही नाही, फोटो. गोळ्यांची अर्धी फाडलेली स्ट्रिप, नाव नेमकं फाटून गेलेल्या बाजूला. खाली लिहिलेलं, "ही तापाची का ॲसिडिटीची?" समोर पेन्शनर काका पासबुक पुढे करून उभे, आणि मी चष्मा कपाळावर चढवून स्ट्रिपच्या मागची अक्षरं मोठी करून वाचतेय. काका म्हणाले, "मुलगी बाहेर का? असू दे, बघा आधी." त्यांच्याही घरातून कोणी बाहेर गेलेलं असणार.

लातूरकर

आमची पोरगी कॉम्प्युटरला, पुण्यातल्या एका खाजगी कॉलेजात. आमच्या घरातून बारावीच्या पुढं गेलेली ती पहिलीच. २०२४ ची ॲडमिशन. त्याच जुलैत मुलींच्या फी माफीचा जीआर निघाला होता: ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी, उत्पन्न आठ लाखांच्या आत. आमच्याकडं आठ लाख कोणाला दिसतात ते सोडा. खिडकीवरचा क्लार्क म्हणला, आधी पूर्ण फी भरा, शासनाचे आले की परत देऊ. मी जीआरची प्रिंट काढूनच नेली होती, ती काचेखालून आत सरकवली. आतल्या दोघा-तिघांनी ती आळीपाळीनं वाचली. मग ट्यूशन फीच्या रकान्यात शून्य पडलं.

पण माफी ट्यूशन फीची आन परीक्षा फीची. डेव्हलपमेंट फी, डिपॉझिट, कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरती घेतलेली रूम, मेस, हे सगळं आपल्याच खिशातून. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता आन आमचा माल चार हजारांच्या आसपास गेला. गावात मात्र सगळ्यांचं एकच, पोरगी फुकटात इंजिनिअर होतीय. भांडत बसत नाही मी.

तिचं शिक्षण मराठी मीडियमचं. पहिल्या सेमला म्हणायची, "अप्पा, सर बोलतात ते कळतंय, पण विचारायला इंग्रजी जुळवेपर्यंत सर पुढच्या पानावर जातेत." यावर मी काय सांगणार? माझं इंग्रजी खताच्या पोत्यावरचं. दुसऱ्या सेमला तिनंच वाट काढली. लेक्चर संपलं की सरांना जिन्यात गाठायचं आन सरळ मराठीत विचारायचं. सर उदगीरकडचे निघाले.

जाण्यायेण्याला एसटीत बायकांचं अर्धं तिकीट, त्याचा लई आधार. दिवाळीत ट्रॅव्हल्सवाले काय भाव लावतात ते पुण्यातल्या कुठल्याही मराठवाड्याच्या माणसाला विचारा.

एक विचारायचं होतं. पोरगी हॉस्टेलात नाही, भाड्याच्या रूमवर आहे. तिला वसतिगृह भत्ता मिळतो का?

डोंबिवलीकर बाबा

ज्यांची मुलं हॉस्टेलवर आहेत त्यांना निदान रिकामी खोली तरी दिसते. आमचा घरातच राहतो, म्हणून कोणी विचारतही नाही की कसं चाललंय. सकाळी पावणेसातला बाहेर, कॉलेज माटुंग्याला. फास्ट लोकल माटुंग्याला थांबत नाही, म्हणून दादरला उतरून उलटी गाडी. रात्री येतो, जेवतो, कानात इअरफोन घालून झोपतो. रेल्वे पासच्या कन्सेशनचा फॉर्म संपत आला की तेवढं बोलणं होतं. स्टेशनवर आम्ही दोघंही त्याच वेळेला असतो, पण तो त्याच्या ग्रुपच्या डब्यासाठी पार कल्याणच्या टोकाला जाऊन उभा राहतो.

एकदा परतताना तो ठाण्याला माझ्याच डब्यात चढला. सॅक पुढे घेतलेली, तिच्यातून ड्राफ्टर वर आलेला. मी त्याच्या मागे, मध्ये दोन माणसं. कळवा गेलं, मुंब्रा गेलं, आणि तो मित्राला सांगत होता की एम-वनला (पहिल्या गणिताच्या पेपरला) केटी लागलीय, म्हणजे विषय राहिलाय, घरी अजून बोललो नाही, आई रडेल, बाबा काही बोलणार नाहीत आणि तेच जास्त बेकार. गर्दीत मी वळूही शकत नव्हतो. दिव्याला लोंढा चढला आणि आम्ही जवळजवळ चिकटलोच. तरी त्यानं मागे पाहिलं नाही.

घरी मी नंतर पोचलो, मुद्दाम भाजी घेऊन. जेवताना तोच म्हणाला, "बाबा, तुम्ही त्याच गाडीत होता ना? तुमची छत्री दिसली मला दिव्याला." मी हो म्हटलं. मग पुढचा तासभर आम्ही इंटिग्रेशनवर बोललो. मला त्यातलं काही येत नव्हतं, पण तो बोलत होता. त्याची आई रडली नाही, हेही इथं नोंदवून ठेवतो.

मेसवाली मावशी, सदाशिव पेठ

साताऱ्याच्या ताई, रविवारी संध्याकाळी आम्हालाही पाठ टेकायची असते हो! त्या दिवशी दुपारी फीस्ट असते, तेव्हाच पोरं दोन्ही वेळचं जेवून घेतात.

गंमत सोडा. मी बरीच वर्षं मेस चालवते. जुलै-ऑगस्टमध्ये आईबाप मुलाला घेऊन बघायला येतात. वडील दर विचारतात, आई भांडी घासायची जागा बघते. एकीनं विचारलं होतं, भाजीला शेंगदाण्याचंच तेल वापरता ना. पहिला महिना पोरं बिचकत जेवतात, दुसरी पोळी मागायला लाजतात. दिवाळीनंतर तीच पोरं स्वयंपाकघरात शिरून पातेल्यावरचं झाकण काढून बघतात.

काही आया मला गुपचूप फोन करतात. आज आला होता का, बरोबर कोण होतं, चेहरा कसा होता. मी ताट वाढल्याचं सांगते, त्यापलीकडे एक शब्द नाही. पोरांना कळलं तर ती यायची बंद होतील, आणि मग जेवण कुठे करतील? बाहेरच्या गाड्यावर.

आता माझं ऐका. माझा स्वतःचा मुलगा गेल्या वर्षी नागपूरला गेला, व्हीएनआयटीत, इंजिनिअरिंगला. मी इथे दुसऱ्यांच्या पोरांना वाढते आणि माझा तिकडे कुठे काय खातो मला पत्ता नाही. पहिल्या आठवड्यात म्हणाला, आई, तर्री म्हणून काहीतरी वाढलं, दोन दिवस पोट धरून बसलो. डिसेंबरात घरी आला तर माझ्या रश्श्याला म्हणतो, "यात काही दमच नाही." मेसची पोरं खो खो हसली. मलाही त्यांच्या मेसवाल्याला फोन करावासा वाटतो. नंबर मिळवून ठेवलाय. लावला नाही अजून.

एमबीबीएसवाल्या मुलीची आई, कणकवली

सरकारी मेडिकल कॉलेज, पहिलं वर्ष. ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री. नीटच्या दोन वर्षांत ती इतका अभ्यास करायची की आता निवांत होईल असं वाटलेलं. छे.

डिसेक्शन सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना त्या देहापुढे उभं करून शपथ देतात. त्याला कॅडॅव्हरिक ओथ म्हणतात हे मी तिच्याकडूनच ऐकलं. त्या रात्री तिचा फोन आला, पण शपथेचं ती फारसं बोलली नाही. फॉर्मलिननं डोळे चुरचुरतात, केसांना वास राहतो, जेवताना हात तोंडाजवळ नेववत नाही, चमच्यानं भात खाल्ला, हेच. मासे सुटले तिचे. आमच्या घरात, मालवणी घरात! गणपतीनंतर पहिल्यांदा आली तेव्हा सासूबाईंनी तिच्यासाठी बांगडा आणून ठेवला होता, तिनं सोलकढी-भात खाल्ला.

सासूबाईंना राहवेना. विचारलं, "गो, ता कोणाचा असता?" तिनं देहदान समजावून सांगितलं. त्यांचा पुढचा प्रश्न, "मग त्यांच्या घरच्यांनी दिवस कशे केल्यानी?" याचं उत्तर मुलीकडे नव्हतं. ती म्हणाली, मॅडमना विचारते. आणि खरंच विचारलं तिनं. मॅडमनी वर्गाला अर्धा तास देहदान केलेल्या कुटुंबांबद्दल सांगितलं म्हणे. मार्चपर्यंत ती मासेही खायला लागली, आणि जेवताना खेकड्याच्या नांगीचे सांधे उलगडून दाखवायला लागली, ते जास्त वाईट.

न्यू जर्सीहून

इकडचा अनुभव वेगळा आहे म्हणून लिहिते. मुलगा इथल्याच स्टेट युनिव्हर्सिटीत. मूव्ह-इन डेला गाडी भरून सामान, डॉर्मचा एवढासा फ्रिज, त्यात मी दिलेले पोळ्यांचे रोल मावेनात, रूममेटच्या आईनं त्यांच्या दह्याचे डबे सरकवून जागा करून दिली.

डिसेंबरात सेमिस्टर संपलं तेव्हा मी सहज कॉलेजला विचारलं, ग्रेड्स कुठे दिसतील? नम्र उत्तर आलं की मुलाच्या परवानगीशिवाय सांगता येणार नाही. फर्पा नावाचा १९७४ चा कायदा आहे. मूल अठराचं झालं किंवा कॉलेजात गेलं की शैक्षणिक रेकॉर्डवरचा हक्क पालकांकडून त्याच्याकडे जातो. बिल भरायचं लॉगिन मात्र मला आहे! आमचे हे म्हणाले, हा कसला न्याय. माझ्या दहावीच्या निकालाला बाबांच्या आधी शेजारच्या काकूंना माझे टक्के माहीत होते, त्यामुळे मला हा कायदा मनातून आवडला. बोलले नाही. मुलानं नंतर स्वतःच स्क्रीनशॉट पाठवला, केमिस्ट्रीची ओळ कापून.

सांगलीचे बाबा

सगळं हलकंफुलकं चाललंय त्यात हे लिहावं का, विचार करत होतो. लिहितो.

मुलगा हॉस्टेलवर, गाव आणि कॉलेज सांगत नाही. दिवाळीला घरी आला तो दाराशी कोणी आलं तरी ताडकन उभा राहायचा. आम्हाला वाटलं, शिस्त लागली. त्यानं सांगितलं ते आम्हाला नाही, मामाला. सीनिअर रात्री दोनला उठवून उभं करायचे, त्यांच्या असाइनमेंट लिहून घ्यायचे, फोन काढून घ्यायचे. ॲडमिशनच्या वेळी मुलाचं आणि पालकाचं रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र भरून घेतात, ते आपण इतर कागदांबरोबर सही करून टाकतो. ते यूजीसीच्या २००९ च्या नियमांतलं आहे. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, चोवीस तास चालू असते. मामानं मुलाला शेजारी बसवून फोन लावला. मी बाहेरच्या खोलीत होतो, मुलानंच तसं सांगितलं होतं.

पुढे चौकशी झाली, तिघांना हॉस्टेलमधून काढलं. वॉर्डननं मला बाजूला घेऊन सांगितलं, "आधी आमच्याकडे यायचं, घरातलं घरात मिटवलं असतं." त्याच वॉर्डनच्या खोलीच्या वरच्या मजल्यावर हे चाललं होतं. मुलगा आता बरा आहे, हॉस्टेल सोडून रूमवर राहतो. दाराची बेल वाजली की उठत नाही, हाक मारावी लागते.

पेडणेकर

लेक बेळगावात. चवथीला, म्हणजे गणपतीला आला नाही, इंटर्नल टेस्ट होती. महाराष्ट्रातल्या लोकांना हे कळणार नाही, पण गोव्यात चवथ चुकणं म्हणजे घरातल्यांनी वर्षभर ऐकवायचं. दरवर्षी गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधायला स्टुलावर तोच चढायचा. यंदा मी चढलो, बायको खालून सूचना देत होती, आणि व्हिडिओ कॉलवरून तो: "पपा, नारळाची पेंड (घोस) डावीकडे जास्त झाली." त्याचंच बरोबर होतं.

जळगावहून

आमच्याकडे थोडक्यात. मुलानं मेकॅनिकल पहिल्या वर्षातच सोडलं, आता बीएला आहे, राज्यशास्त्र. फीचे पैसे बुडाले. मूळ कागदपत्रं परत मिळवायला जितके हेलपाटे घातले तितके ॲडमिशनला घातले नव्हते. नातेवाइकांना अजून मेकॅनिकलच सांगतो. हा वाचतोय हे, त्याच्या परवानगीनंच लिहिलंय.

धागाकर्ती

लातूरकर, तुमचं राहूनच गेलं. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. हॉस्टेलच हवं असं नाही, पेइंग गेस्ट किंवा भाडेकरूही चालतो. ॲडमिशन कॅपमधून झालेली हवी. अर्ज महाडीबीटीवर. अल्पभूधारक असल्याचा दाखला तलाठ्याकडून-तहसीलमधून आधी काढून ठेवा, आणि रूममालकाकडून भाडेकरार. मालक करार द्यायला का-कू करतात, तर कॉट घेतानाच बोलून ठेवायला हवं. आता वर्ष संपत आलंय, तर पुढच्या वर्षीची रूम ठरवताना.

लातूरकर

तलाठी ओळखीचा हाय. मालकाशी पोरगीच बोलते म्हणली, तुम्ही नका बोलू अप्पा.